केपी-७१ अजून चढले नाहीत

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, वैजापूर डेपोला. त्यामुळं एक खोड अंगाला चिकटलीय. चार माणसं एकत्र दिसली की मी मोजतो. लग्नात पंगत बसली की मोजतो, मयतीला मोजतो, दवाखान्यात नंबर लावून बसलेले मोजतो. साळूबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात, "अहो, आता कुणाचं तिकीट फाडायचंय?" मी म्हणतो, तिकिटाचं नाय गं, माणसांचं बघायचं असतं. तिला ते पटत नाय. न पटू दे.

रिटायर झाल्यावर आम्ही शहरात लेकीकडं राह्यला आलो, सिडकोत, एन-सातला. लेक तनुजा घरूनच काम करते. टेबलावर कंप्युटरचे दोन पडदे. एकावर कंपनीचं काम. दुसऱ्यावर काय, ते मला सहा महिने कळलंच नाय. काळा पडदा अन् त्यावर नुसती अक्षरं. ना फोटू, ना गाणं. उजव्या बाजूला नावांची एक लांब यादी, अन् मधूनच एखादी ओळ उमटायची: अमका आत आला, तमका बाहेर गेला. एक दिवस चहा देता देता मी यादी मोजली. एक्केचाळीस नावं.

"तनू, ही कोण मंडळी?"

"आबा, आम्ही मिळून एक सॉफ्टवेअर बनवतो. फळा म्हणून. शाळांतल्या जुन्या कंप्युटरवर चालतं. धडे, चाचण्या, हजेरी, सगळं मराठीत. कुणीही घ्यावं, कुणीही आत उघडून बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. ही ते बनवणाऱ्यांची अन् वापरणाऱ्यांची खोली आहे. कुणाचं काही अडलं की इथं येऊन विचारतात. ज्याला येतं तो सांगतो."

"एक्केचाळीस जण बसलेत अन् एकबी बोलत नाय?"

"इथं तशीच पद्धत आहे. काम असेल तरच बोलायचं."

"आमच्या गाडीत एवढी शांतता पडली असती ना, तर मी ड्रायव्हरला गाडी सरळ दवाखान्यात घ्यायला लावली असती."

ती हसली. मग तिनं मला त्या खोलीचे कायदे सांगितले. आत येताना रामराम नाय. जाताना 'येतो' म्हणायचं नाय. कुणाचं नाव घेऊन विनाकारण हाक मारायची नाय, कारण नाव घेतलं की त्या माणसाचा कंप्युटर टिंग वाजतो अन् त्याच्या कामात खोळंबा होतो. प्रश्न टाकायचा अन् गप बसून राह्यचं. उत्तर दोन मिनटांत येईल नायतर दोन दिवसांत. आता सांगा, ह्याला काय माणसांत राहणं म्हणायचं? दारात माणूस आला अन् आपण वर बघायचं सुद्धा नाय! मला तर लई राग आला. पण लेकीचं घर, लेकीची खोली. मी आपला चहाचा कप उचलून आत गेलो.

पण खोटं कशाला बोलू, सवय लागली मला. सकाळचा पेपर झाला की मी खुर्ची ओढून तिच्या मागं बसायचो. कुणीतरी पाटोद्याच्या शाळेतून विचारायचं, चाचणीचा कागद छापला की शेवटची ओळ कापली जाते. मग अर्ध्या तासानं कुणीतरी सांगायचं, इथं जा, हे दाबा. पाटोदेकर म्हणायचे, झालं, धन्यवाद. एवढंच. पण बरं वाटायचं बघायला. कुणाला कुणाचं देणं नाय, घेणं नाय, अन् तरी काम होतंय. साळूबाई म्हणायच्या, लेकीच्या पाठीमागं बसून काय बघता, सिनेमा लागलाय का? मी म्हणायचो, त्याच्याहून भारी आहे, बस तू पण.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. गुरुवार होता. मी खुर्ची ओढून बसलो तर खोलीच्या माथ्यावर पाटी लावलेली: 'ही खोली रविवारी दुपारी चार वाजता कायमची बंद होईल. सर्वांनी नव्या खोलीत यावं. पत्ता खाली दिला आहे.'

"हे काय गं?"

"आम्ही नेटवर्क बदलतोय आबा. हे फार जुनं झालं. नव्यात फोटो पाठवता येतात, मोबाईलवर नीट चालतं, आपण नसताना काय बोलणं झालं तेही नंतर वाचता येतं. इथं तसं नाही. कंप्युटर बंद केला की तेवढ्या वेळातलं बोलणं गेलं. विश्वजीतनं सगळं उभं केलंय, दोन महिने खपत होता."

विश्वजीत म्हणजे फळ्याचं मुख्य काम बघणारा. मूळचा नांदेडकडचा, आता बंगळुरूला असतो. पोरगा गुणाचा आहे, फक्त घाईचा.

"पाटी कधी लावली?"

"झाले की दहा-बारा दिवस."

"किती जण गेले तिकडं?"

"तेवीस."

"अन् बाकीचे अठरा?"

"आबा, ते नुसते बसून असतात. कुणी कधीकाळी आत आलं अन् तसंच राहिलं. काही तर माणसंही नाहीत, यंत्रं आहेत, आपोआप चालणारी. ज्यांना गरज असेल ते पाटी वाचून येतील."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "पाटी लावली म्हणजे झालं व्हय? तनू, गाडी बदलताना पाटी लावत नसतात!"

ती खुर्ची वळवून माझ्याकडं बघायला लागली. मग मला तिला ती गोष्ट सांगावी लागली. मी ती घरात कधी सांगितली नव्हती.

नोकरीला लागून मला तिसरं वर्ष होतं. वैजापूरहून गाडी घेऊन निघालो, लासूरच्या अलीकडं टायर बसलं. मागून दुसरी गाडी आली. तिला हात केला, पॅसेंजर त्या गाडीत घालायला लागलो. माझा आवाज तेव्हा असा होता की गंगापूरला बोललो तर वाळूजला ऐकू जावं. दारात उभा राहून तीनदा ओरडलो, "चला, गाडी बदला, सगळे उतरा!" सगळे उतरले असं मी धरून चाललो अन् ती गाडी सुटायला दोनदा घंटी मारली. शेवटच्या सीटवर एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला ऐकायला कमी येत होतं. आमचा ड्रायव्हर चाकाशी खटपट करत होता, त्यानंही नाय बघितलं. दोन तासांनी टायर बदलून झालं तेव्हा ती दिसली. तिच्या भाच्याचं लग्न होतं दुपारचं. ती पोचली तोवर अक्षदा पडून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर भेटली. मी म्हणलं आता शिव्या खायच्या. तर ती म्हणाली, "लेकरा, तू हाळी दिली असशील. मलाच नाय आली." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून एकतीस वर्षं संपेपर्यंत, गाडी बदलायची वेळ आली की मी आत शिरायचो, पार शेवटच्या सीटपर्यंत जायचो, झोपलेल्याच्या खांद्याला हात लावून उठवायचो, अन् दुसऱ्या गाडीत गेल्यावर परत मोजायचो. मगच घंटी.

तनुजानं खुर्ची परत टेबलाकडं वळवली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही उठवा मग. पण माझ्या नावानं नको हं, लोक मला हसतील."

तिनं मला माझं स्वतःचं नाव काढून दिलं. यादीत बेचाळिसावं. पुंजाराम.

शनिवारी सकाळी अंघोळ-देवपूजा करून मी कळफलकासमोर बसलो. एका बोटानं लिहायचं म्हणजे माझा एकेक शब्द लासूर ते वैजापूर इतका वेळ घेत होता. पण मी सोडलं नाय. पहिलं नाव घेतलं: 'सत्यम, रामराम. गाडी बदलायची आहे. उद्या चारला ही गाडी बंद. उठा.' मग दुसरं. मग तिसरं. अठरा नावं, प्रत्येकाला वेगळं सांगितलं. साळूबाईंनी दोनदा पोहे गरम केले.

सातव्या नावाला विश्वजीत आला. त्यानं लिहिलं, "हे पुंजाराम कोण आहेत? एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना टोचताहेत. खोलीचे नियम वाचले नाहीत का? यांना बाहेर काढू का?"

तनुजा लाजेनं लालबुंद झाली. तिनं पटकन टाईप केलं, "थांब विश्वजीत. ते माझे वडील आहेत."

मग विश्वजीतनं लिहिलं, "अरे. नमस्कार काका."

"नमस्कार," मी लिहिलं. "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो." हे एवढं लिहायला मला तीन मिनटं लागली, त्यामुळं रागाचा जोर थोडा कमी झाला, पण अर्थ पोचला असणार.

अन् मग एकेक जण उठायला लागला. सत्यम म्हणून जो होता, तो निघाला फुलंब्रीचा. रोज शहरात ये-जा करतो, एका शाळेत लॅब सांभाळतो. त्यानं लिहिलं, "काका, चार वर्षांत पहिल्यांदा इथं कुणी माझं नाव घेतलं. मी फक्त वाचत असतो. पाटी दिसली नव्हती, ती माझ्या पडद्यावर वरच्या बाजूला कापली जाते." घ्या! पाटी कापली जाते. अपेक्षा म्हणून एक पोरगी, गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान, ती म्हणाली, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आले होते, मग आवडलं म्हणून राहिले, बोलायची भीती वाटते. एक जण मस्कतहून. एक बाई परभणीच्या, मुख्याध्यापक. सगळे गप बसून ऐकणारे. सगळ्यांना पत्ता दिला, एकेकाला तिकडं चढवलं. कोण चढलं, कोण राहिलं, ते मी वहीत लिहीत होतो. तीन नावं खरंच यंत्रं निघाली. त्यातल्या एकाला मी रामराम केला तर त्यानं मला उद्याचं हवामान सांगितलं. साळूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

रविवारी बारापर्यंत वहीत एकच नाव उरलं होतं. केपी-७१.

शनिवारपासून मी त्यांना पाच वेळा हाक मारली होती. काही नाय. रविवारी जेवण झाल्यावर सहाव्यांदा मारली. 'केपी-७१, रामराम. तुम्ही एकटेच राहिलात. चढा लवकर.' तनुजा माझ्या शेजारी बसली होती, तिकडच्या नव्या खोलीत लोकांना काय पाहिजे नको ते बघत होती.

"आबा, ते चौथं यंत्र असेल. मी सहा वर्षं या खोलीत आहे. केपी-७१ एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही."

"यंत्र असतं तर हवामान तरी सांगितलं असतं. तुझ्याकडं जुनं लिहिलेलं असेल ना? बघ की शोधून."

तिच्या कंप्युटरनं साठवून ठेवलेलं जुनं बोलणं ती नाराजीनंच शोधायला लागली. मी वहीवर रेघा मारत बसलो. तिचा हात थांबला तसं मी वर बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. सहा वर्षांपूर्वीची ओळ होती. केपी-७१ यांनी लिहिलेलं: "नमस्कार. मी नवीन आहे. एक विचारायचं होतं, विचारू का?" त्याच्या खाली उत्तर: "विचारू का असं विचारू नका. आधी माहितीची पानं वाचा, सगळी वाचा, मग या." उत्तर देणाऱ्याचं नाव, तनुजा.

"मला तेव्हा नुकतीच खोलीची जबाबदारी दिली होती," ती म्हणाली. "बावीस वर्षांची होते. सगळे असंच उत्तर द्यायचे म्हणून मी पण दिलं. लई शहाणी समजत होते स्वतःला."

त्यानंतर केपी-७१ काही बोललेले नव्हते. पण गेले पण नव्हते. सहा वर्षं रोज येऊन बसत होते.

सव्वातीन वाजले होते. मी म्हणालो, "माणूस आहे तो. त्याला घेतल्याशिवाय खोली बंद करायची नाय." तनुजानं विश्वजीतला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "तनुजा, सगळ्यांना चारची वेळ दिलीय. दोन्ही खोल्या चालू ठेवल्या तर अर्धे इकडं अर्धे तिकडं होतात, परत कुणीच कुणाला सापडत नाही. एका माणसासाठी किती थांबायचं? ते कदाचित सोडूनही गेले असतील, कंप्युटर नुसता चालू राहिला असेल."

त्याचंही खोटं नव्हतं. हे कंडक्टरला चांगलं कळतं. भरल्या गाडीतले लोक घड्याळ दाखवत असतात अन् एक जण कुठं चहा पीत बसलाय ते कुणालाच ठाऊक नसतं. पण मला आता चहा पीत बसलेला कोण, झोपलेला कोण, हे बघायचं होतं. मी तनुजाला म्हणालो, "ह्या वेळेला तू लिही. तुझं बोलणं आहे ते."

तिनं लिहिलं, "केपी-७१, मी तनुजा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही काही विचारायला आला होता अन् मी तुम्हाला तुसडेपणानं परत पाठवलं. माझं चुकलं. तुम्ही असाल तर आता विचारा. काहीही विचारा."

साडेतीन झाले. तीन पस्तीस. साळूबाई सुद्धा हातातला निवडायचा गहू ठेवून मागं येऊन उभ्या राहिल्या.

अन् ओळ उमटली.

"नमस्कार ताई. मी आहे. कालपासून पुंजारामकाकांच्या हाका ऐकतोय. उत्तर लिहू की नको, ठरत नव्हतं. माहितीची पानं मी तेव्हाच वाचली. तीन वेळा वाचली. मला जे विचारायचं होतं ते त्यात नव्हतं, पण परत विचारलं तर तुम्हाला त्रास होईल असं वाटलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी तेच विचारलं तेव्हा मला उत्तर मिळालं. इथं बसून ऐकलं की सगळ्या गोष्टींची उत्तरं कधी ना कधी मिळतात."

तनुजानं तोंडावर हात धरला. मी म्हणालो, लिही, गाडी का बदलत नाय ते विचार.

"नव्या गाडीत चढायचा चार वेळा प्रयत्न केला," त्यांनी लिहिलं. "दारातच चित्रं येतात. ज्या चित्रांत मोटारसायकल आहे ती निवडा म्हणतात. मला दिसत नाही. माझे डोळे जन्मापासून नाहीत. सिल्लोडकडच्या एका निवासी शाळेत मी इतिहास शिकवतो अन् नऊ कंप्युटर सांभाळतो, सगळ्यांवर फळा आहे. माझा कंप्युटर पडद्यावरचं लिहिलेलं मला वाचून दाखवतो. ही जुनी खोली नुसत्या अक्षरांची आहे म्हणून मला सोपी जात होती. चित्रं त्याला वाचता येत नाहीत. पोरांना सांगून निवडून घेतली असती, पण शाळेला सुट्टी आहे, मी एकटा आहे. तुम्ही वेळेवर गाडी सोडा. माझ्यासाठी सगळ्यांना थांबवू नका. मला सवय आहे."

'मला सवय आहे' हे मी दोनदा वाचलं. ती लासूरची म्हातारी अशीच बोलली होती, काही दोष न देता. माणसानं भांडावं हो. भांडलं की आपल्याला पण बरं पडतं.

तनुजा भांडली. कळफलक असा बडवला तिनं की चहाचा कप टेबलावर थरथरला. "विश्वजीत, वाचलंस? खोली बंद होणार नाही. आज नाही अन् उद्याही नाही. ती चित्रं कुणी ठेवली दारात?"

मला वाटलं आता हा पोरगा नियम सांगणार. मी बाह्या सरसावून बसलो होतो, एका बोटानं का होईना पण चार शब्द सुनवायचे ठरवलं होतं. पण त्यानं लिहिलं, "मी ठेवली. फालतू जाहिराती टाकणारे घुसू नयेत म्हणून. दिसत नसणारा कुणी असेल हे डोक्यातच आलं नाही. सर, माफ करा. नवी खोली आपल्याच यंत्रावर आहे, चित्रं मी आत्ता काढून टाकतो. तुमचं नाव मी माझ्या हातानं आत घेतो. वीस मिनिटं द्या. चार वाजले तर वाजू देत."

मला हा पोरगा पहिल्यापासून आवडतो, मी मघाशी म्हणालोच.

त्या वीस मिनटांत केपी-७१ सरांशी गप्पा झाल्या. नाव कडूबा. मी विचारलं, सर, सहा वर्षं नुसतं बसून कंटाळा नाय आला? ते म्हणाले, "बहुतेकांनी त्या 'आत आला, बाहेर गेला' च्या ओळी लपवून ठेवलेल्या असतात, कटकट वाटते म्हणून. मी नाही लपवल्या. माझा कंप्युटर प्रत्येकाचं नाव घेतो. तनुजाताई सकाळी साडेनऊला येतात, गुरुवारी दहाला. सत्यम कधी कधी उशिरा येतात, फुलंब्रीची बस चुकत असेल, ते काल कळलं. अपेक्षा सणाच्या आधी दिसत नाहीत, दुकानात गर्दी असेल. मी कुणाशी बोललो नाही, पण मला सगळे माहीत आहेत. शाळा सुटल्यावर मी खोलीत एकटाच असतो, तेव्हा ही नावं ऐकत बसतो."

हे सगळ्या खोलीनं वाचलं. कारण तोवर नव्या खोलीत गेलेली मंडळी परत जुन्या खोलीत यायला लागली होती, तनुजानं तिकडं सांगितलं असणार. अमका आत आला, तमका आत आला, ओळींमागून ओळी. कडूबा सरांनी लिहिलं, "अहो थांबा, माझ्या कंप्युटरला दम लागला." साळूबाई म्हणाल्या, पाणी द्या म्हणावं त्याला. मी ते पण लिहिलं.

चार वाजून पाच मिनटांनी विश्वजीतचा निरोप आला. चित्रं निघाली, दार उघडं आहे, सर, या. मी सगळ्यांना म्हणालो, आधी सरांना चढू द्या, बाकीच्यांनी मागून या, ढकलाढकली करू नका. जुन्या खोलीत ओळ आली, केपी-७१ बाहेर गेले. मग सगळेच गेले. तनुजानं दुसरा पडदा लावला, नवी खोली. पांढरीशुभ्र, कोपऱ्यात गोल गोल फोटू. मला तरी जुनीच बरी वाटत होती, पण मी बोललो नाय.

कडूबा सरांचं नाव तिथं दिसलं. "पोचलो," त्यांनी लिहिलं. "विश्वजीत, दार एकदम सोपं झालंय. आभारी आहे."

मी वहीतलं शेवटचं नाव खोडलं. तनुजानं माझा हात धरला.

मग सरांची दुसरी ओळ आली. "पण इथं फार शांत आहे. इथं माणूस आत आला की माझा कंप्युटर नाव घेत नाही. मला काहीच कळत नाहीये. कुणी आहे का इथं?"

तनुजा लिहायला गेली, पण तिच्या आधी ओळ पडली. सत्यमची. "आहे सर. फुलंब्रीचा सत्यम." त्याच्या खाली लगेच अपेक्षा, जिला बोलायची भीती वाटते. "मी आहे." मग मस्कतवाले. "आहे." परभणीच्या मुख्याध्यापक बाई. "मुक्ताबाई, आहे सर." विश्वजीत. "आहे." अन् मग ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती, ज्यांनी वर्षानुवर्षं त्या खोलीत हूं की चूं केलं नव्हतं, ते सगळे. आहे. आहे. मी पण आहे. बसलोय. आहे सर. पडदा वर सरकत चालला होता अन् मला माणसं मोजता येईनात, कारण डोळे भरून आले होते. माझ्या मागं साळूबाई नाक ओढत होत्या अन् मला म्हणत होत्या, रडता काय, आपलं सांगा की.

तनुजानं लिहिलं, "तनुजा आहे, सर." मग कळफलक माझ्याकडं सरकवला. अक्षरं सापडायला वेळ लागला. पण मी लिहिलं, "पुंजाराम अन् साळूबाई, दोघं आहोत."

तिकडं त्यांचा कंप्युटर एकेक नाव वाचून दाखवत असणार. आम्ही तिघं पडद्याकडं बघत बसलो.

मग त्यांची ओळ आली. "बरं. मग बसतो मी इथं."